चुंबकाचा वैद्य

‘मेस्मेरिझम’ हा शब्द मराठी वाचकांना परिचित आहे. तो ज्यांच्या नावावरून रूढ झाला, ते डॉ. फ्रान्झ अँटन मेस्मर मात्र विस्मृतीत गेले. २३ मे १७३४ रोजी, आजच्या जर्मनीतील इझ्नांग या खेड्यात त्यांचा जन्म झाला. व्हिएन्नात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १७६६ मध्ये त्यांनी ग्रहांच्या मानवी शरीरावरील प्रभावाविषयी प्रबंध लिहिला. १७७४ मध्ये झटक्यांनी ग्रासलेल्या एका तरुणीवर त्यांनी लोहचुंबकांचा प्रयोग केला आणि तिला उतार पडला. पुढे हे सामर्थ्य चुंबकाचे नसून देहात वाहणाऱ्या अदृश्य प्रवाहाचे आहे, असे त्यांचे मत बनले.

अंध पियानोवादक मारिया तेरेसिया पारादिस हिच्यावरील १७७७ मधील उपचारांवरून वादंग माजले. त्यानंतर १७७८ मध्ये मेस्मर पॅरिसला आले. तेथे मोठ्या पिंपाभोवती बसून, त्यातून निघालेल्या लोखंडी सळया दुखऱ्या भागास लावण्यासाठी रुग्णांची रीघ लागली.

१७८४ मध्ये राजा सोळावा लुई याने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे तिचे सदस्य होते. मेस्मर चाचणीस सामोरे गेले नाहीत. त्यांचे शिष्य देस्लाँ यांचे उपचार तपासले गेले. बागेतील एकच झाड ‘भारित’ करून एका मुलाला डोळे बांधून फिरवले, तेव्हा तो भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. परिणाम खरा, पण कारण कल्पनाशक्ती, असा निष्कर्ष निघाला. स्त्री-रुग्णांवर पुरुष उपचारकाचा जो पगडा बसतो, त्यातील नैतिक धोक्याविषयी समितीने राजाला स्वतंत्र गोपनीय अहवालही दिला. ५ मार्च १८१५ रोजी मेर्सबुर्ग येथे मेस्मर यांचे निधन झाले.

कवटीबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन मेंदू उत्तेजित करण्याचे तंत्र १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे साकारले. नैराश्यावरील उपचारासाठी अशा यंत्रास अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. मेस्मर यांच्या प्रवाहाशी या तंत्राचा शास्त्रीय संबंध नाही. त्याच्या चाचण्यांत काही रुग्णांना नकली स्पंदने देऊन तुलना केली जाते. १७८४ च्या समितीने अवलंबिलेली वाट हीच होती.

मेस्मर यांची आपल्या सिद्धांतावर श्रद्धा होती. तथापि, रुग्णाला बरे वाटणे हाच त्यांनी पुरावा मानला आणि निःपक्ष परीक्षा टाळली. मनाने खचलेला माणूस आशेपोटी कोणत्याही यंत्रासमोर बसतो. म्हणूनच उपचाराचा गुण किती, मर्यादा कोणत्या, हे त्याला आधी सांगणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. मेस्मर यांच्या चरित्राचा हाच बोध आहे.