नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्यांचंच नाव या ‘मगरी’लाही आहे

नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज काही नवीन नाही. पण हेच नाव मगरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यालाही आहे. पॅरासुकस हिस्लोपी. साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचा.

तर हे हिस्लॉप कोण?

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. इथं त्यांनी शाळा काढली. कामासाठी ते गावोगाव फिरायचे आणि फिरताना वाटेतले दगड तपासायचे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा केले. त्यावरचा त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं छापला.

सिरोंच्याच्या बाजूला, आजच्या तेलंगणात मलेरी नावाचं गाव आहे. तिथले दात आणि हाडंही हिस्लॉप यांनी जमवली.

पण पुढचं बघायला ते राहिले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

१८७० मध्ये हक्स्ले यांनी मलेरीच्या प्राण्याला पॅरासुकस म्हटलं. १८८५ मध्ये लिडेकर यांनी त्यात हिस्लॉप यांचं नाव जोडलं.

इथंच घोळ झाला. त्या हाडांमध्ये दुसऱ्याच एका सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं मिसळली होती. उरलेल्या जबड्याच्या तुकड्यावरून जात ठरवणंही अवघड होतं. म्हणजे नावच रद्द व्हायची वेळ आली. शेवटी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटकडचा जवळपास पूर्ण सांगाडा नवा नमुना मानावा, असं शंकर चटर्जी यांनी सुचवलं. २००३ मध्ये प्राण्यांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं ते मान्य केलं आणि हिस्लॉप यांचं नाव टिकलं.

मग ही मगर आहे का? तर नाही. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ होत्या. हा फायटोसॉर गटातला प्राणी. काही अभ्यासक या गटाला मगरींच्या शाखेतच धरतात, तर काही मगरी आणि डायनासोर वेगळे होण्याआधीच फुटलेली फांदी मानतात.

वाद अजून चालू आहे, पण त्यातलं एक नाव मात्र नागपूरच्या मास्तरांचंच आहे.