तिबेटच्या द्राक्षमळ्यातील मेंढपाळ : धन्यवादित मॉरिस तोर्ने



द्राक्षे आपल्याला नवी नाहीत. नाशिकची वाईन आज देशभर ओळखली जाते. पण तिबेटच्या सीमेवरील डोंगरांतही द्राक्षवेली आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? चीनच्या युन्नान प्रांतात मेकाँग नदीकाठी त्सिझोंग हे गाव आहे. आपले नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर, तर ते सुमारे 2,000 मीटरवर. मिस्साबलीसाठी द्राक्षांपासून केलेला शुद्ध द्राक्षारसच लागतो. खेचरांच्या पाठीवरून तो इतक्या दूर आणणे कठीण. म्हणून फ्रेंच मिशनऱ्यांनी तेथेच वेली लावल्या आणि गावकऱ्यांना द्राक्षारस करायला शिकवले. याच खोऱ्यात वरच्या अंगाला, तिबेटच्या हद्दीत, येरकालो हा धर्मग्राम आहे. त्याच्यासाठी प्राण देणारे धर्मगुरू म्हणजे फादर मॉरिस तोर्ने.

त्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1910 रोजी स्वित्झर्लंडच्या वॅले प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. हा प्रांतही डोंगरउतारावरील द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. 1931 साली ते ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठात दाखल झाले. 2,469 मीटर उंचीवरच्या या खिंडीत बर्फात अडकलेल्या वाटसरूंना वाचवण्याचे काम तेथील धर्मबंधू शतकानुशतके करीत आले.

1936 मध्ये मॉरिस युन्नानला आले आणि 1938 मध्ये हनोई येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे अनेक वर्षे त्यांनी धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांना शिकवले. युद्धाचा आणि दुष्काळाचा तो काळ होता. मुलांच्या पोटासाठी ते धान्य मागत फिरले.

1945 साली त्यांची येरकालो येथे नेमणूक झाली. मिशनच्या जमिनीवरून तेथील काही लामांशी जुना वाद होता. जानेवारी 1946 मध्ये शस्त्रधारी माणसांनी फादरांना गावाबाहेर काढले. ते सीमेजवळ पामे येथे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आपल्या लोकांची खबर घेत राहिले. मायदेशी परतणे सोपे होते, पण धर्मगुरूविना राहिलेला कळप त्यांना सोडवेना.

अखेर ल्हासाला जाऊन तिबेट सरकारकडे आपल्या लोकांसाठी धर्मस्वातंत्र्य मागायचे त्यांनी ठरवले. जुलै 1949 मध्ये वेषांतर करून ते व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाले. वाटेत ते ओळखले गेले आणि त्यांना परत फिरावे लागले. 11 ऑगस्ट 1949 रोजी चोला खिंडीजवळ दबा धरून बसलेल्या माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचा सेवक दोसी हाही त्यांच्याबरोबर मारला गेला. फादर तेव्हा अवघ्या 38 वर्षांचे होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 16 मे 1993 रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले.

पुढच्या काही वर्षांत सर्व परदेशी मिशनऱ्यांना तो देश सोडावा लागला. दीर्घकाळ तेथे मिस्सा झाली नाही, तरी कुटुंबांनी घरोघरी श्रद्धा जपली. आज येरकालो आणि त्सिझोंग येथे पुन्हा प्रार्थनेसाठी लोक जमतात. तेथील कुटुंबे आजही द्राक्षारस करतात.

आपल्याला मिस्सा दर रविवारी मिळते, म्हणून ती चुकवणेही सोपे वाटते. वेदीवर धर्मगुरू कटोरा उंच करतील, तेव्हा मिस्सेसाठी तळमळणाऱ्या त्या डोंगरातल्या लोकांची आणि त्यांच्याकडे परत निघालेल्या मेंढपाळाची आठवण ठेवू या.

धन्यवादित मॉरिस तोर्ने, आमच्यासाठी विनंती करा.