कॅमेरा हेच शस्त्र

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फोर्ट स्कॉट नावाचे गाव आहे. तेथे ३० नोव्हेंबर १९१२ रोजी गॉर्डन पार्क्स यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरी गरिबी होती. गावात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या प्राथमिक शाळाही वेगळ्या होत्या.

लहान वयातच त्यांची आई वारली. त्यांना सेंट पॉल शहरात बहिणीकडे पाठवण्यात आले. पण मेहुण्याने ऐन थंडीत त्यांना घराबाहेर काढले. ट्रामगाडीत बसून त्यांनी रात्री काढल्या. पुढे पियानो वाजवून, आगगाडीत वाढप्याचे काम करून त्यांनी पोट भरले. एकदा एका मासिकात त्यांनी बेघर शेतमजुरांची छायाचित्रे पाहिली. अन्यायाशी कॅमेऱ्यानेही लढता येते, हे त्यांना उमगले. त्यांनी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि ते स्वतःच ही कला शिकले.

१९४२ साली ते सरकारी कामासाठी वॉशिंग्टनला आले. तेथे काळे म्हणून त्यांना उपाहारगृहात आणि चित्रपटगृहात प्रवेश मिळाला नाही. हा अपमान त्यांच्या मनाला लागला. त्यांनी सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंचे छायाचित्र काढले. बाईंच्या हाती झाडू आणि पाठीमागे राष्ट्रध्वज! हे चित्र पुढे फार गाजले.

१९४८ साली 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांना नोकरी दिली. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार होते. १९५६ साली त्यांनी अलाबामा राज्यातील भेदभावाची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील एका कुटुंबाला मात्र याची मोठी किंमत मोजावी लागली. घरातील बाई शिक्षिका होत्या. त्यांची नोकरी गेली आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. खरे दाखवणाऱ्याइतकेच खरे बोलणारेही धैर्यवान असतात.

१९५७ साली पोलिसांबरोबर हिंडून पार्क्स यांनी त्यांचे कामकाज टिपले. १९६२ साली लॉस एंजलिसमध्ये पोलिसांच्या गोळीने एक निःशस्त्र कृष्णवर्णीय मुसलमान मरण पावला. त्याचे छायाचित्र सभेत उंच धरणारे पुढारी माल्कम एक्स यांना पार्क्स यांनी आपल्या कॅमेऱ्यात टिपले. १९६३ सालच्या वॉशिंग्टनच्या विराट मोर्चाचीही चित्रे त्यांनी काढली.

७ मार्च २००६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी हाती बंदूक घेतली नाही. कॅमेरा घेतला आणि जगाला अन्याय पाहायला लावला.

स्वाध्याय
१. पार्क्स यांनी कॅमेरा का विकत घेतला?
२. अलाबामातील कुटुंबाला गाव का सोडावे लागले?
३. 'कॅमेरा हेच शस्त्र' हे नाव या पाठाला का शोभते, ते तुमच्या शब्दांत लिहा.