गौतमीपुत्र सातकर्णी खरंच जिंकला होता का? पुरावा निघाला नाशिकच्या मातीतून
गोष्ट १९०६ सालची. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून जास्त, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा होता.

हा राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी सातवाहनांच्या हातून नाशिकचा मुलूख गेला होता. तिथं नहपानाची सत्ता होती आणि त्याचा जावई उषवदात लेण्यांना दानं देत होता.

कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्रानं सैन्याच्या छावणीतून हुकूम पाठवला. उषवदाताकडं असलेली २०० निवर्तनं जमीन त्यानं भिक्खूंना दिली. हा हुकूम आजही पांडवलेण्यात कोरलेला दिसतो.

गौतमीपुत्र गेल्यावर त्याची आई गौतमी बलश्री हिनंही तिथंच लेख कोरून घेतला. आपल्या मुलानं नहपानाचं क्षहरात घराणं संपवलं, असं त्यात आहे.

आता आई लेकाचं कौतुक करणारच. मग खरं कसं मानायचं?

इथं जोगळटेंभीची नाणी कामाला येतात. गौतमीपुत्रानं नहपानाची नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपलं नाव आणि चिन्हं ठोकली. शत्रूच्या चलनावर असा शिक्का मारायचा, तर त्याचा मुलूख आणि पैसा हातात यावा लागतो.

बाकीची नाणी मात्र बिनठशाची राहिली. म्हणजे साठा पुरला तेव्हा सगळं जुनं चलन बदलून झालेलं नव्हतं.

आईचा शब्द खरा होता. साक्ष नाण्यांनी दिली.