खाडी पार करणारे मिहिर सेन

आमच्या विजयनगरातून समुद्र गाठावयाचा म्हणजे शेकडो किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. इंदूरच्या मुलांचे पोहणे तरणतलावात होते, नाहीतर सुटीत महेश्वरास किंवा ओंकारेश्वरास गेल्यावर नर्मदेच्या घाटाशी, वडिलांच्या नजरेच्या टप्प्यात. म्हणूनच मिहिर सेन यांचे चरित्र आम्हांस विशेष जवळचे वाटते. तेही समुद्रकाठचे नव्हते. इंग्लिश खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते विलायतेस निघाले तेव्हा पोहणारे म्हणून त्यांस कोणीही ओळखत नव्हते.

मिहिर सेन यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी बंगालीभाषक घराण्यात पुरुलियास झाला. वडील डॉक्टर होते, परंतु घरची स्थिती ओढगस्तीची. मुलास बरे शिक्षण मिळावे म्हणून मातेने कटक गाठले आणि दूध व अंडी विकून संसार चालविला. पुढे ओरिसात कायद्याची पदवी मिळाल्यावर मिहिरांनी इंग्लंडात बॅरिस्टर होण्याचा ध्यास घेतला. त्या कामी बिजू पटनाईक यांनी त्यांस साहाय्य केले आणि १९५० साली ते जहाजाने निघाले. खिशात जेमतेम दहा पौंड होते, आणि तिकीट केवळ जाण्याचे होते.

लंडनमधील पहिले दिवस कष्टाचे गेले. रेल्वे स्टेशनावर रात्रपाळीस हमाली करावयाची आणि लिंकन्स इनच्या बॅरिस्टरीसाठी कायद्याचा अभ्यास करावयाचा. पुढे भारतीय उच्चायुक्तांच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा पोटाची विवंचना मिटली. आज इंदुरातील कितीतरी मराठी घरांतील मुलेमुली परदेशी आहेत. तेथील पहिल्या हिवाळ्याचा एकटेपणा त्यांस ठाऊक असेल. परंतु आठवड्यास घरचा आवाज ऐकण्याची सोय त्या काळच्या गरीब विद्यार्थ्यास कोठली?

अशा दिवसांत त्यांच्या वाचनात फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन महिलेची हकीकत आली. तिने १९५० साली इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. स्वतंत्र होऊन अवघी काही वर्षे झालेल्या आपल्या देशाच्या नावावर असा पराक्रम नाही, ही गोष्ट या तरुणाच्या मनास लागून राहिली. हा विचार वेडेपणाचाच होता, असे आम्हांस वाटते. ज्यास धड क्रॉल पद्धतीने हात मारता येत नव्हते, त्याने जगातील एका अवघड जलमार्गाचे स्वप्न पाहावे! परंतु त्यांनी लंडनच्या वाय. एम. सी. ए.मध्ये जाऊन लहान मुलाप्रमाणे आरंभापासून धडे घेतले.

ही खाडी अवघड का, हे येथे सांगितले पाहिजे. डोव्हर व फ्रान्सचा किनारा यांमधील सर्वांत अरुंद अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. निरभ्र दिवशी पलीकडचे कडे दिसतातही. परंतु भरती-ओहोटीचे प्रवाह साधारणतः दर सहा तासांनी दिशा पालटतात आणि पोहणाऱ्यास कधी एका अंगास, तर कधी दुसऱ्या अंगास ओढून नेतात. त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग नागमोडी व बराच लांब होतो. किनारा समोर दिसत असता प्रवाह फिरला, की तोच किनारा दूर जाऊ लागतो. पाणी तर ऐन उन्हाळ्याअखेरसही सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते, आणि थंड पाणी अंगातील ऊब हवेच्या कितीतरी पट वेगाने काढून घेते. सोबत नाव असते, परंतु तिला स्पर्श करावयाचा नाही. ऊबदार पोशाख चालत नाही. अंगास चरबीचा लेप फासावा, एवढीच मुभा. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी ती प्रथम पार केली, तेव्हा त्यांस २१ तास ४५ मिनिटे लागली होती. आमच्याच मध्य प्रदेशाचे सत्येंद्रसिंह लोहिया यांनी पायांचे अपंगत्व असतानाही २०१८ साली रिले पद्धतीने आपल्या चमूसह ही खाडी पार केली, हे विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच.

मिहिर सेन यांस यश सहजासहजी आले नाही. एकाहून अधिक प्रयत्न फसले. बॅरिस्टरीची सनद तर हाती आली होती; मायदेशी परतून सुखाने वकिली करता आली असती. ते परतले नाहीत. १९५८ सालच्या ऑगस्टात पूर्व पाकिस्तानचे ब्रजेन दास यांनी खाडी पार केली, तीही एका बंगाली तरुणानेच! त्यानंतर महिनाभराने, २७ सप्टेंबर १९५८ रोजी, मिहिर सेन डोव्हरहून पाण्यात उतरले आणि १४ तास ४५ मिनिटांनी फ्रान्सच्या भूमीवर उभे राहिले. पुढील वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्याच वर्षी आरती साहा यांनीही खाडी जिंकली.

कलकत्त्यास येऊन त्यांनी हायकोर्टात वकिली आरंभिली. परंतु समुद्र सुटला नाही. १९६६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सिंहलद्वीपातील तलाईमन्नारपासून धनुष्कोडीपर्यंत पाल्कची सामुद्रधुनी २५ तास ३६ मिनिटांत पार केली. दोनच वर्षांपूर्वीच्या वादळाने धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त केले होते. त्या ओसाड किनाऱ्यास ते लागले. या वेळी भारतीय नौदलाच्या नौका सोबतीस होत्या. त्याच वर्षी जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फरस आणि अखेरीस पनामा कालवाही त्यांनी पोहून पार केला. १९६७ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. जगाने १९६६ च्या विक्रमांचा मोठा गौरव केला, तो योग्यच होय. तथापि नौदल पाठीशी नसता, परक्या शहरात पोट जाळून, पुन्हा पुन्हा त्याच थंड पाण्यात उतरणारा तो अनोळखी विद्यार्थी आम्हांस अधिक मोठा वाटतो.

उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. रेशमी कापडाच्या निर्यातीचा त्यांचा धंदा भरभराटीस येऊन पुढे बुडाला. राजकारणात उतरून पाहिले. तेथेही यश आले नाही. अखेरच्या वर्षांत आजाराने त्यांची स्मृतीच हिरावून नेली. ११ जून १९९७ रोजी कोलकात्यात वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या पाण्यांत त्यांनी तासन्‌तास हात मारले होते, त्यांची नावेही तेव्हा त्यांच्यापाशी उरली नव्हती.