लोकमान्यांच्या तारखा

कोर्टाची तारीख म्हणजे काय, हे आम्हा सीमाभागातील माणसांना सांगावे लागत नाही. पहाटेची बस धरावी, वऱ्हांड्यात पुकाराची वाट पाहावी आणि पुढची तारीख घेऊन परतावे. आंदोलनाच्या एका खटल्यात आम्हीही अशा फेऱ्या मारल्या आहेत.

लोकमान्य टिळकांनी लांबलेला खटलाही भोगला आणि घाईचाही. ते १८७९ चे एलएल.बी.; वकिली केली नाही, पण कोर्टाची पायरी सुटली नाही. ताईमहाराज प्रकरणात खोट्या साक्षीचा आरोप १९०२ साली त्यांच्यावर आला. ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची सजा झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि ३ मार्च १९०४ रोजी हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरविले. दिवाणी दावा तर १९१५ पर्यंत चालला.

१९०८ साली मात्र सगळी घाई. २४ जूनला राजद्रोहाखाली अटक, १३ जुलैला खटला उभा. न्यायमूर्ती दावर यांनी १८९७ साली बॅरिस्टर या नात्याने टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आता न्यायासनावरून त्यांनीच तो नाकारला. 'केसरी'तील लेख मराठी, पण ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी जाणणारी ज्यूरी हवी, हे म्हणणे मान्य झाले नाही. तेव्हा टिळकांनी स्वतःच उभे राहून सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि एकेका मराठी शब्दाचा अर्थ लावून धरला. भाषेचे शिक्षक म्हणून आम्हाला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांचे भाषण एकवीस तासांवर चालले. २२ जुलैची संध्याकाळ झाली, तरी न्यायमूर्तींनी काम उद्यावर टाकले नाही. रात्री दहाच्या सुमारास सात विरुद्ध दोन असा कौल आला. सहा वर्षे काळे पाणी. दुसरा दिवस त्यांचा जन्मदिवस होता. एका तारखेने शिक्षा टळली नसती, हे खरे. पण तेवढीही सवलत मिळाली नाही.

मंडालेहून परतल्यावर १ मे १९१६ रोजी ते आपल्या बेळगावात मराठीतून स्वराज्यावर बोलले. त्या भाषणावर आणि नगरच्या दोन भाषणांवर पुन्हा खटला झाला. वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. हायकोर्टात बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी सुटे शब्द न धरता भाषणांचा एकूण आशय पाहिला आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला.