सुताराचा मुलगा आणि हॅरियर

माझे वडील सुतार आहेत. आठवीत असताना पालक दिनाला एका मित्राने त्यांच्याविषयी विचारले, तेव्हा फर्निचरचा व्यवसाय आहे असे सांगून मी विषय बदलला. बाबा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी सरळ वर उडणाऱ्या विमानाची माहिती शोधताना मला सर सिडनी कॅम भेटले.

कॅम यांचा जन्म १८९३ साली इंग्लंडमधील विंडसर येथे झाला. वडील सुतार, बारा भावंडांत सिडनी थोरले. १९०८ मध्ये शाळा सोडून तेही सुतारकाम शिकू लागले. फावल्या वेळात विमानांच्या प्रतिकृती बनवीत. पुढे विमानाच्या कारखान्यात ते सुतार म्हणूनच लागले, कारण तेव्हा विमाने लाकडाचीच असत. १९२३ मध्ये हॉकर कंपनीत ड्राफ्ट्समन आणि अवघ्या दोन वर्षांत मुख्य डिझायनर! हरिकेन, सी हॉक, हंटर ही त्यांचीच विमाने. १९७१ मध्ये लोंगेवाला येथे रणगाडे फोडणारी हंटर आपण सर्वांना ठाऊक आहेत.

साठी ओलांडल्यावर कॅम यांनी धावपट्टीविना उडणाऱ्या विमानाचे आव्हान घेतले. स्टॅन्ले हुकर यांच्या चमूने पेगॅसस इंजिन घडविले, तर राल्फ हूपर यांनी विमानाचा आराखडा केला. इंजिनाच्या चार तोट्या खाली वळवल्या की झोत विमानाला उचलतो, हळूहळू मागे वळवल्या की विमान पुढे जाते. मात्र झोताचा जोर वजनापेक्षा जास्तच हवा. जागच्या जागी तरंगताना पंखांचा उपयोग नसतो, म्हणून नाक, शेपूट व पंखांच्या टोकांना हवेचे छोटे झोत दिले. ऑक्टोबर १९६० मध्ये, जमिनीला बांधलेल्या स्थितीत, पी.११२७ प्रथम उचलले गेले.

१९६६ मध्ये कॅम वारले. त्यातूनच घडलेले हॅरियर १९६९ मध्ये ब्रिटिश हवाई दलात आले. ते त्यांना पाहता आले नाही. आपल्या नौदलाने मात्र १९८३ पासून २०१६ पर्यंत सी हॅरियर वापरले.

माझ्या मॉडेलच्या चार फिरत्या तोट्या बाबांनी सागवानातून घडवून दिल्या. प्रदर्शनात त्याच मित्राने त्या कोणी केल्या असे विचारले. या वेळी मी बाबांचा हात धरला आणि ते सुतार आहेत, हे सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.